विचारले कुणी आणि कुणाला? : ‘दुविधा’, तिचे दोन चित्रपट आणि एक वाचक

मूळ साहित्यकृती आधी वाचावी आणि तिच्यावरचा चित्रपट नंतर पाहावा, असा एक अलिखित दंडक साहित्याच्या अभ्यासकांत रूढ आहे. विजयदान देथा (१९२६–२०१३) यांच्या ‘दुविधा’ या कथेच्या बाबतीत माझ्याकडून हा क्रम पुरता उलटला गेला. २००५ साली अमोल पालेकर यांचा ‘पहेली’ चित्रपटगृहात पाहिला, तेव्हा देथांचे नाव मला केवळ ‘चरणदास चोर’मुळे ठाऊक होते. पुढे कैलाश कबीर यांच्या हिंदी अनुवादातून कथा वाचली. आणि मणि कौल यांचा १९७३ सालचा ‘दुविधा’ पाहण्याचा योग तर त्याहूनही उशिरा आला. म्हणजे सर्वांत अलीकडच्या रूपापासून मी मागेमागे जात राहिलो. या उलट्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर मला माझ्याच आधीच्या आनंदाचा हिशेब द्यावा लागला. ‘पहेली’ संपल्यावर मला बरे वाटले होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ते बरे वाटणे कशाच्या मोबदल्यात मिळाले होते, हा या लेखाचा विषय आहे.

माध्यमांतराच्या चर्चेत ‘मुळाशी निष्ठा’ हा निकष आता मागे पडला आहे. चित्रपटाने मूळ कृतीचा ‘विश्वासघात’ केला, तिला ‘भ्रष्ट’ केले, अशा भाषेतला नैतिक सूर रॉबर्ट स्टॅम यांच्यासारख्या अभ्यासकांनी उघड करून दाखवला, त्यालाही बराच काळ लोटला. पण ‘दुविधा’च्या संदर्भात हा शब्दसंग्रह विलक्षण रीतीने जिवंत होतो. कारण पत्नीने निष्ठा कुणाशी राखायची, खऱ्या नवऱ्याशी की खरे प्रेम करणाऱ्या तोतयाशी, हाच मुळी कथेतला पेच आहे. शिवाय येथे ‘मूळ’ कोणते, हेही निश्चित सांगता येत नाही. बोरुंदा या मारवाडातील गावी राहून देथांनी लोकमुखातल्या कथा ऐकल्या आणि राजस्थानीत पुन्हा सांगितल्या. ‘बातां री फुलवाडी’ या चौदा खंडांच्या मालिकेला, तिच्या दहाव्या खंडासाठी, १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोमल कोठारी यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये ‘रूपायन संस्थान’ स्थापन केले, ते लोकपरंपरेच्या संकलनासाठी. तरीही देथांना संकलक म्हणणे अपुरे आहे. संकलक कथा जतन करतो. देथा कथेला अडचणीचे प्रश्न विचारतात.

कथा थोडक्यात अशी. लग्नाची वरात परत येताना वाटेत खेजडीच्या झाडाखाली विसावते. (खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्यापुरती आपल्याला आठवते, मरुभूमीत मात्र सगळे जगणे तिच्या सावलीला असते.) त्या झाडावरचे भूत नवरीला पाहताच तिच्यावर भाळते. नवरा मात्र सावकाराचा मुलगा. लग्नाच्या खर्चाचा हिशेब जुळवण्यात गढलेला. नवरीला रानातली लाल फळे खावीशी वाटतात, तर ती गावंढळांनी खायची म्हणून त्याला संकोच वाटतो. घरी पोचताच मुहूर्त साधून पाच वर्षांसाठी तो परमुलखात व्यापाराला निघून जातो. नवविवाहितेला त्याने स्पर्शही केलेला नसतो. वाटेत भूत त्याला गाठते, सगळी हकीकत काढून घेते आणि त्याचे रूप धारण करून घरी येते. रोज सकाळी सोन्याच्या मोहरा मिळतील अशी व्यवस्था झाल्यावर लोभी बापाला मुलाच्या परतण्याचे कारण विचारण्याची गरज उरत नाही. चौथ्या वर्षाच्या सुमारास नवरीला दिवस जातात, बातमी खऱ्या नवऱ्यापर्यंत पोचते आणि तो ऐन प्रसूतीच्या वेळी दारात येऊन उभा राहतो. दोन सारखेच नवरे. न्यायासाठी राजाकडे निघालेल्या जथ्याला वाटेत एक मेंढपाळ भेटतो. तो दोघांपुढे परीक्षा ठेवतो. शेवटची परीक्षा म्हणजे पाण्याच्या चामडी पिशवीत शिरून दाखवण्याची. भूत आनंदाने शिरते. पिशवीचे तोंड बांधले जाते. नवरा घरी येतो.

या सारांशात न मावणाऱ्या दोन जागा आहेत आणि माझ्या मते कथेचा सगळा भार त्यांच्यावर आहे.

पहिली जागा झाडाखालची. भुताने एखाद्या स्त्रीवर भाळणे लोककथेला नवे नाही. त्याची ठरलेली परिणती म्हणजे ‘झपाटणे’. भूत अंगात शिरते आणि बाई घुमू लागते. देथांचे भूतही हा मार्ग मनाशी पडताळून पाहते. पण आपण शिरलो तर तिला यातना होतील, या विचाराने मागे फिरते. लोकसमजुतीतल्या भुताचा जो स्वधर्म, तोच ते प्रेमापोटी नाकारते. दुसऱ्याच्या देहात न शिरता केवळ दुसऱ्याचे रूप घ्यायचे, हा त्यातून निघालेला मध्यममार्ग आहे. दुसरी जागा पहिल्या रात्रीची. फसवणूक पूर्णपणे यशस्वी झाली आहे, घरच्यांना संशय नाही, समोर नवरी आहे. आणि नेमक्या त्या क्षणी भूत तिला खरे काय ते सांगून टाकते. मी तुझा नवरा नाही. आता तू म्हणशील तसे. रूप उसने आहे, पण प्रश्न उसना नाही. त्या घरात तिला काही विचारणारा पहिला पुरुष माणूस नाही, हा देथांचा उपरोध आहे. ती होकार देते. हा होकार भोळा नाही; जो अडवल्यावर थांबू शकला असता तो थांबला नाही, हे तिने मनाशी तपासून घेतलेले आहे.

तोतया पतीचे हे आशयसूत्र जगभर फिरलेले आहे आणि त्याच्या बहुतेक आविष्कारांत वाचकाला छळणारा प्रश्न एकच असतो : तिला ठाऊक होते का? वाल्मीकी रामायणाच्या बालकांडातील अहल्या गौतमाच्या वेशातल्या इंद्राला ओळखते आणि तरीही संमती देते. उत्तरकांडात मात्र तीच अहल्या इंद्राच्या बळजबरीची शिकार म्हणून येते. कंबनच्या तमिळ रामायणात तिला सत्य कळते ते मीलनाच्या ओघात, आणि तरी ती थांबत नाही. ए. के. रामानुजन यांनी रामायणांच्या अनेकत्वाविषयीच्या आपल्या गाजलेल्या निबंधात वाल्मीकी आणि कंबन यांचे हे अहल्याप्रसंग शेजारी ठेवले, ते उगाच नाही. परंपरा किती अस्वस्थ आहे हे तिथे दिसते. ग्रीक-लॅटिन परंपरेत ज्युपिटर अँफिट्रिऑनचे रूप घेतो. प्लॉटसपासून मोलिएरपर्यंत त्यावर हशा पिकला. १८०७ साली क्लाइस्टने मात्र आल्कमेनेला नाटकाच्या शेवटी एका एकाक्षरी उद्गारावर सोडून दिले आणि तो उद्गार सुटकेचा की विरहाचा, यावर जर्मन समीक्षा अजून थांबलेली नाही. सोळाव्या शतकातील फ्रान्समधला मार्टिन गेरचा खटला तर इतिहासातलाच. १५६० मध्ये तोतया फासावर गेला. नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात बर्त्रांद हिला सारे ठाऊक असलेच पाहिजे, असे मांडले. इतर इतिहासकारांनी ते नाकारले. म्हणजे पुराण असो, प्रहसन असो की न्यायालयाचे दप्तर असो, चौकशी चालते ती स्त्रीच्या ज्ञानाची. तिला माहीत नसेल तर ती निर्दोष, माहीत असेल तर दोषी.

देथा ही चौकशीच निकालात काढतात. ‘दुविधा’त तिला ठाऊक आहे, भुतानेच सांगितले आहे. त्यामुळे कथेचा केंद्रप्रश्न ज्ञानाकडून संमतीकडे सरकतो. हे सरकणे किती मोठे आहे, ते गिरीश कार्नाड यांचे ‘नागमंडल’ (१९८८) शेजारी ठेवल्यावर कळते. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कन्नड लोककथांवर आधारलेल्या या नाटकात नवरा अप्पण्णा राणीला कुलूप घालून रखेलीकडे जातो आणि रात्री नाग त्याचे रूप घेऊन येतो. दिवसाचा नवरा आणि रात्रीचा नवरा यांतली विसंगती राणीला जाणवते, पण ती प्रश्न विचारू लागली की नाग तिला गप्प करतो. विचारायचे नाही, ही त्या सुखाची अट आहे. पुढे दिव्याच्या प्रसंगी, नवरा आणि हा नाग यांखेरीज कुणाचाही स्पर्श झालेला नाही, असे ती नागाला हाती धरून शब्दशः खरे बोलते आणि देवी ठरते. कार्नाडांचे नाटक अत्यंत कुशल आहे आणि त्याचे एकाहून अधिक शेवट हा त्या कौशल्याचाच भाग. तरीही मला असे वाटते की राणीचे सुख, तिचे दैवतीकरण, इतकेच नव्हे तर नागाला केसांत आसरा देण्याचे औदार्य, हे सारे तिच्या अर्धवट अज्ञानावर उभे आहे. तिचे खरे बोलणे तिला नकळत खरे ठरते. देथांच्या नवरीला ही सवलत नाही.

कौल यांचा चित्रपट मी पाहिला तो कथा वाचून झाल्यावर आणि त्यामुळे काही अपेक्षा बाळगून. त्या बहुतेक फोल ठरल्या. ‘उसकी रोटी’ (१९६९) आणि ‘आषाढ का एक दिन’ (१९७१) यांनंतरची ही कृती कौल यांचा पहिला रंगीत चित्रपट आहे आणि दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळाला. चित्रीकरण बोरुंदा गावातच झाले. छायाचित्रण नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचे. नवरीच्या भूमिकेत चित्रकार अकबर पदमसी यांची कन्या राइसा पदमसी आहे. या चित्रपटात कुणी अभिनय ‘करीत’ नाही. चेहरे स्थिर, हालचाली मोजक्या, मध्येच प्रतिमा गोठून राहते. लाल वस्त्र, पांढरी भिंत, घुंगटाच्या कडेवर आलेली बोटे : राजस्थानी लघुचित्रांची आठवण येथे सर्वांना होते आणि ती योग्यच आहे. पण मला महत्त्वाचा वाटतो तो ध्वनी. पात्रांचे विचार आणि बरेचसे संभाषण देथांच्या गद्याच्या वळणाने ध्वनिपट्टीवर ऐकू येते. ओठ मात्र मिटलेले. आवाज एका जागी, देह दुसऱ्या जागी.

या वियोगाचा अर्थ काय लावायचा? एक आक्षेप उघड आहे आणि वर्गात तो दरवेळी येतो : जिची मर्जी हा कथेचा विषय, तिलाच दिग्दर्शकाने बोलू दिले नाही, तिचे चित्र करून भिंतीवर टांगले. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी कॅमेरा त्या चेहऱ्यावर इतका रेंगाळतो की आपणही वरातीतल्या बघ्यांसारखे होतो. परंतु पहिल्या रात्रीच्या प्रसंगात हीच रीत वेगळे काम करते. भुताचा प्रश्न आणि तिचा विचार आपल्याला ऐकू येतात. ते कुणी ‘उच्चारल्याचे’ मात्र दिसत नाही. परिणामी तिचा होकार हा कुणापुढे वठवलेला प्रसंग राहत नाही. नायिकेने मान खाली घालावी, पार्श्वसंगीत उसळावे आणि आपण होकार गृहीत धरावा, ही आपल्या पडद्यावरची सवयीची खूण येथे नाही. होकार ऐकायचा तर कान द्यावा लागतो. शिवाय नवरा आणि भूत या दोन्ही भूमिका रवी मेनन यांच्याच आहेत आणि अभिनयातून त्यांच्यात फरक करण्याचा यत्न जवळजवळ नाही. त्यामुळे दोघांत फरक उरतो तो एवढाच की एकाने विचारले आणि दुसऱ्याने विचारले नाही. रूपाची सारी साक्ष काढून घेऊन कौल यांनी कथेचा गाभा उघडा केला आहे, असे मला वाटते.

मात्र देथांचा विनोद त्यांच्या हाती लागलेला नाही, हेही म्हटले पाहिजे. कथेतला बाप मोहरा मोजताना, मुलगा लग्नाच्या खर्चाची वजाबाकी करताना, कथेकऱ्याचा जो खट्याळ सूर ऐकू येतो तो कौल यांच्या संथ गंभीरतेत विरून जातो. लोककथा ऐकणारे मधूनच हसतात, हुंकार देतात. हा चित्रपट पाहताना कुणी हुंकार देईल असे वाटत नाही.

ही उणीव पालेकर भरून काढतात. ‘पहेली’तील वाणी कुटुंबाचे चित्रण मोकळे आणि मिस्कील आहे, अनुपम खेर यांचा बाप कथेतून उठून आल्यासारखा वाटतो. नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांच्या आवाजांत बोलणाऱ्या कठपुतळ्यांच्या जोडीला निवेदन देणे ही कथनाच्या दृष्टीने चांगली युक्ती आहे, कारण लोककथेला लागणारा सांगणारा आणि हुंकार देणारा, दोन्ही त्यातून मिळतात. उंटांची शर्यत, परागंदा झालेला थोरला भाऊ, त्याची वाट पाहणारी जाऊ, या जोडकथा मात्र मला बाजारपेठेच्या गरजेपोटी आलेल्या वाटतात. जाऊबाईंच्या प्रतीक्षेत जी शक्यता होती ती दोन-तीन प्रसंगांत संपते. त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही.

थांबायला हवे ते शेवटावर. आणि त्याआधी पालेकरांच्याच ‘अनाहत’ (२००३) या मराठी चित्रपटाचा उल्लेख करायला हवा. सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात वंशासाठी नियोगाची आज्ञा झालेली राणी एका रात्रीच्या अनुभवानंतर परतते, ती आपल्या इच्छेची भाषा घेऊन. धर्माने जे कर्तव्य म्हणून लादले त्यातून तिला सुख सापडते आणि ते ती राजसभेच्या तोंडावर सांगते. दोन वर्षांच्या अंतराने त्याच दिग्दर्शकाने ‘दुविधा’कडे वळावे, यात सातत्य आहे. स्त्रीची इच्छा हा पालेकरांना वाटेत सापडलेला विषय नाही. म्हणूनच ‘पहेली’तील पहिल्या रात्रीचा प्रसंग त्यांनी मनापासून रचला आहे. आजवर कुणी मला विचारलेच नव्हते, ही लच्छीची जाणीव तिथे स्पष्ट शब्दांत येते आणि मोठ्या, व्यावसायिक हिंदी चित्रपटात ती तशी येणे ही लहान गोष्ट नव्हे.

शेवट मात्र असा : मेंढपाळ भुताला पिशवीत बंद करतो, किशनलाल घरी येतो, लच्छी उद्ध्वस्त आहे, आणि मग उलगडते की घरी आलेला किशनलाल हा देहाने किशनलाल असला तरी आत भूतच आहे. त्याने नवऱ्याच्या देहात प्रवेश केला आहे. प्रियकरही मिळाला, समाजमान्य पतीही मिळाला, मुलीला बापही मिळाला. कोडे सुटले. २००५ साली चित्रपटगृहात टाळ्या पडल्या आणि त्यांत माझीही एक होती.

त्यानंतर काही वर्षांनी ही तीनही रूपे एका सत्रात शिकवताना, मराठी ही जिची मातृभाषा नव्हती अशा एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, मग तो नवरा कुठे गेला?” वर्गात हशा झाला. मीही हसलो. नंतर मात्र तो प्रश्न माझ्यापाशीच राहिला. खरोखर, किशनलाल कुठे गेला? त्याचा देह चालतो-बोलतो आहे, अंथरुणावर बायकोजवळ आहे, पुढे व्यापारही करील. तो स्वतः मात्र नाही. हे मृत्यूसारखेच काही आहे आणि चित्रपट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हिशेबापायी बायकोला सोडून गेलेल्या माणसाविषयी सहानुभूती कुणाला वाटावी, असे कुणी म्हणेल. पण देथांच्या कथेत तोही बापाच्या खतावणीतली एक नोंदच आहे. त्याला कुणी काय हवे ते विचारल्याचे दिसत नाही.

आणि मग झाडाखालचा तो क्षण आठवतो. तिच्या देहात शिरलो तर तिला यातना होतील, म्हणून भुताने झपाटणे नाकारले होते. ‘पहेली’चा सुखान्त नेमका त्याच कृत्यातून सिद्ध होतो, फक्त देह बदलला आहे. जे तिच्या बाबतीत क्रौर्य ठरले असते ते त्याच्या बाबतीत काव्यात्म न्याय ठरते. शिवाय आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. या वेळी भुताने लच्छीलाही विचारलेले नाही. आधी विचारून मग जवळ येणारा हा प्रियकर शेवटी आधी येतो आणि मागाहून कळतो. ती आनंदाने रडते, म्हणून आपण तिचा होकार गृहीत धरतो. गृहीत धरलेला होकार हा तर खऱ्या नवऱ्याचा आणि त्याच्या बापाचा शिरस्ता होता.

चांगल्या हेतूने, स्त्रीच्या बाजूने उभे राहून केलेल्या बदलातून हे घडावे, याचे कारण मला शीर्षकात दिसते. ‘दुविधा’ला ‘पहेली’ म्हटले की कथेचा आकार बदलतो. कोड्याला उत्तर असते. किंबहुना उत्तर असते म्हणूनच ते कोडे. दुविधेला उत्तर नसते, निवड असते, आणि निवडीची किंमत. दोन पुरुषांना एका देहात बसवले की निवडच संपते. ज्या स्त्रीला पहिल्यांदा निवड मिळाली होती, तिच्याकडून सुखान्ताने ती परत घेतली.

देथांचा शेवट सुखाचा नाही, पण तो दुःखान्त आहे असे म्हणणेही मला अपुरे वाटते. मेंढपाळाच्या न्यायाकडे पाहा. खरा नवरा कोण, हे कसे ठरते? जो काही करू शकत नाही तो खरा. ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे, जो तिच्यासाठी पिशवीतही शिरतो, तो खोटा. प्रेमात पडलेले भूत आपले भूतपण विसरले आणि पुरावा द्यायला गेले, तिथेच ते हरले. पतित्व ही असमर्थतेवरून सिद्ध होणारी गोष्ट आहे, हा या लोककथेतला बोचरा विनोद आहे आणि दोन्ही चित्रपट त्यावरून जरा घाईने पुढे जातात. या सगळ्या निवाड्यात नवरीला कुणी साक्षीसाठीही बोलावलेले नाही; ती बाळंतिणीच्या खोलीत आहे. अहल्येची, राणीची, बर्त्रांदची निदान चौकशी तरी झाली. हिची होत नाही. सर्वांत जास्त ठाऊक असलेल्या व्यक्तीला कुणी काहीच विचारीत नाही.

शेवटी घरी आलेला नवरा फुशारकीने सगळी हकीकत सांगतो, ती ऐकते आणि तिच्या मनात जे येते त्यावर कथा संपते : जनावरसुद्धा मर्जीविरुद्ध कामाला जुंपताना एकदा तरी मान झटकते, बाईला मर्जी असते कुठे, असा त्याचा आशय आहे. हा मजकूर मी काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या वर्गात मराठीत आणायला दिला होता आणि एका शब्दाशी सगळे अडले. हिंदीतला ‘मर्जी’ मराठीत आहेच. मग अडचण कसली? पण मराठीत मर्जी ‘सांभाळायची’ असते, ती ‘खप्पा’ होते, माणूस साहेबांच्या ‘मर्जीतला’ असतो. दरबारातून आलेला हा शब्द मराठीने बव्हंशी वरिष्ठासाठीच राखून ठेवला. ‘तुझी मर्जी’ असे आपण म्हणतो ते बहुधा रागाने किंवा हात झटकून. बाईच्या बाबतीत मराठी ‘इच्छा’ म्हणते, ‘होकार’ म्हणते, जुन्या घरांत ‘हौस’ म्हणते. कुणी ‘बाईची इच्छा’ असे भाषांतर केले. पण इच्छा मनातल्या मनात राहू शकते, तिला कुणी जुमानण्याची गरज नसते. कुणी ‘संमती’ सुचवले, तर तो शब्द अर्जावरच्या सहीसारखा वाटला. शिवाय संमती दुसऱ्याच्या प्रस्तावाला द्यायची असते आणि इथे तर प्रस्ताव ठेवणाराच पिशवीत बंद झालेला आहे. या लेखातही मी ‘संमती’ हाच शब्द वापरत आलो आहे, हे मला तेव्हापासून टोचते.

क्रिस्टी मेरिल यांनी देथांच्या कथांचे इंग्रजी भाषांतर करताना ‘अनुवाद’ या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे आपली पाळी आली की पुन्हा सांगणे, उचलून धरला आहे. देथांनी बोरुंद्यात ऐकलेले राजस्थानीत सांगितले, कबीर यांनी हिंदीत सांगितले, कौल आणि पालेकर यांनी आपापल्या माध्यमात. प्रत्येकाने आपल्या पाळीत काही राखले आणि काही गमावले. माझ्या वर्गाची पाळी आली तेव्हा आम्ही अखेर ‘मर्जी’ हाच शब्द ठेवला. मराठी कानाला तो खटकतो. बाईला आणि मर्जी, असे वाचणारा क्षणभर थबकतो. त्यावर एक विद्यार्थी म्हणाला की हे मराठी वाटत नाही, आणि जिने नवऱ्याचा पत्ता विचारला होता ती म्हणाली, वाटायला नकोच.